घर कितीचं, आणि कुणाकुणाचं?

मी नाशिकचा, प्रॉपर्टी व्हॅल्युअर. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटची किंमत काढायची तर आजूबाजूचे चार-पाच व्यवहार बघायचे, की आकडा तयार. मग मी गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर राहायला गेलो. पूल नाही, जायचं फेरीबोटीनं. विक्रीचे व्यवहारही मोजकेच.

पहिलं काम एका जुन्या घराचं. आजींना छप्पर दुरुस्तीसाठी बँकेचं कर्ज हवं होतं. मी माप घेतलं, आकडा लिहायला बसलो. आजी म्हणाल्या, "पुता, घर माझ्या एकटीचं नाही. आम्ही चार भावंडं."

म्हणजे चार सह्या? नाही, आठ! गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर वारशाच्या घरातही नवरा-बायको दोघांचा हक्क. मी तर अख्खं घर आजींच्या नावावर धरून चाललो होतो. तसाच रिपोर्ट दिला असता, तर कर्ज अडकलं असतं.

म्हणून दोस्तांनो, गोव्यात घर घ्यायचं स्वप्न असेल तर भाव विचारायच्या आधी वारसांची यादी मागा.

आजींच्या सहा सह्या झाल्यात. लिस्बनच्या दोन बाकी आहेत. आणि पाऊस जवळ आलाय.