घर भाड्याने घेण्यापूर्वी



संभाजीनगरहून पैठणला निघाले की बिडकीनच्या अलीकडे चितेगाव लागते. गाव पैठण तालुक्यातले. पण कारखाने आले तसे त्याचे रूप पालटले. ओळीने खोल्या उभ्या राहिल्या आणि बैलजोडी सांभाळणारा शेतकरी घरमालक झाला. भाडेकरूही बहुधा शेतकऱ्यांचीच मुले. कोणी कामगार, कोणी बदलून आलेले गुरुजी. दोघेही एका मातीतले, म्हणून व्यवहार तोंडी होतो. "तुमचं-आमचं काय हो, घरचंच समजा," असे म्हणत किल्ली हातात पडते. पुढची भांडणे निघतात ती याच घरच्यापणातून.

आणि बघा, विचारपूस होते ती एकाच बाजूने. मालक विचारतो, गाव कोणते, आडनाव काय, माणसे किती. आडनावाच्या आडून काय विचारले जाते ते तुम्हांला ठाऊक आहे. १९१७ साली अमेरिका-इंग्लंडात शिकून बडोद्याला नोकरीवर आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना राहायला जागा मिळेना. ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले तेथूनही त्यांना बाहेर काढले गेले. तो प्रश्न अजून पुरता मेलेला नाही. आपण मात्र "भाडे किती?" एवढे विचारून गप्प बसतो.

पहिला प्रश्न पाण्याचा. जायकवाडीचे पाणी पैठण रस्त्याने शहराला जाते खरे, पण तुमच्या खोलीच्या नळाला त्याचा काय उपयोग? पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचे की बोअरचे? मे महिन्यात बोअर आटतो का? टँकर आणावा लागला तर पैसे कोणी द्यायचे? यातला आटण्याचा प्रश्न मालकाला नव्हे, शेजारच्या खोलीतल्या बाईंना विचारावा. खरे उत्तर तेथेच मिळते.

दुसरा प्रश्न विजेचा, आणि येथे माणूस हमखास फसतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून जास्त, ३०० च्या वर आणखी जास्त. समजा, चार खोल्यांत प्रत्येकी ८० युनिट जळले. वेगवेगळे मीटर असते तर चौघेही स्वस्त टप्प्यात राहिले असते. मीटर एकच असेल तर बेरीज ३२० होते आणि बरीचशी वीज महाग टप्प्यांत जाते. मालकाने एक पैसा खाल्ला नाही तरी बिल फुगते! म्हणून मीटर स्वतंत्र आहे का, नसेल तर युनिटला काय दर घेणार, हे आधीच ठरवा आणि पहिल्या दिवशीचा आकडा दोघांनी लिहून ठेवा.

मग अनामत. तीत कामगाराचा महिन्या-दोन महिन्यांचा पगार अडकतो. ती परत कधी, रंगसफेदीचे पैसे कापणार का, सोडताना किती दिवस आधी सांगायचे, हे पैसे मोजण्यापूर्वी विचारायचे. नंतर विचारण्यात अर्थ नाही. समोरचा माणूस खरेच मालक आहे ना, तेही पाहावे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर घर कोणाच्या नावे आहे ते कळते. भावाभावांत वाटणीचा वाद असला की भाडे एक घेतो आणि कुलूप दुसरा लावतो.

कायद्याचे म्हणाल, तर मराठवाड्यात पूर्वी हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरतात. अकरा महिन्यांच्या कागदाला नोंदणी लागत नाही, ही गावोगावची समजूत या कलमापुढे टिकत नाही. मात्र हा अधिनियम त्याच्या अनुसूचीतल्या ठिकाणांनाच लागू आहे. आपले गाव त्यात येते का, हे वकिलाला विचारून घ्यावे. येत नसले तरी कागद करायला कोणाची मनाई नाही.

भाड्याची पावती मात्र दरमहा मागाच. गुरुजींना ती घरभाडे भत्त्यावरची करसवलत घेताना लागते. कामगाराला, "तीन महिन्यांचे भाडे थकले आहे," असे मालक म्हणाला की लागते. पावतीपुस्तक नसेल तर साध्या वहीत तारीख, रक्कम आणि मालकाची सही घ्यावी.