दवाखान्याचा उंबरठा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी यावे आणि श्रोत्यांनी चार नव्या गोष्टी घरी न्याव्यात, असा प्रघात आहे. आम्ही विद्वान नाही. आंदर मावळातल्या शाळांतून तीस वर्षे मुलांना बाराखडी आणि पाढे शिकवले, एवढीच आमची पुंजी. चालकांनी आमंत्रण दिले तेव्हा आम्ही मावळच्या भातशेतीवर किंवा शाळेवर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही म्हणालो, "तीन वर्षे दवाखान्यांचे उंबरठे झिजवले, त्याविषयी बोलू का?" त्यांनी क्षणभर विचार केला आणि होकार दिला. त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार.

ज्याच्यासाठी हे उंबरठे झिजवले तो आमचा मुलगा. आज तो समोर बसलेला नाही. कामावर गेला आहे. त्याची परवानगी घेऊनच आम्ही बोलत आहोत. त्याचे नाव मात्र घेणार नाही, आणि कोणत्याही डॉक्टरचे वा दवाखान्याचेही घेणार नाही. कोणाची फिर्याद मांडण्यासाठी आम्ही येथे उभे नाही.

आपल्यापैकी पुष्कळांनी आंदर मावळ पाहिला असेल. कान्हे फाट्यावरून आत वळायचे, इंद्रायणी ओलांडून टाकवे गाठायचे, आणि पुढे वडेश्वर, माऊ करीत खांडीच्या बाजूस सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जायचे. एका अंगाला १९२२ साली टाटांनी बांधलेल्या ठोकरवाडी धरणाचे पाणी पसरलेले. पाऊस असा की आषाढात समोरचे घर दिसत नाही. अशा ठिकाणाहून पुण्याच्या डॉक्टरकडे जायचे म्हणजे पहाटे निघावे, कान्ह्याला लोकल धरावी, दुपारपर्यंत बाकावर बसावे आणि अंधार पडल्यावर परतावे. एक दिवसाची मजुरी किंवा एक दिवसाची रजा गेली, असे समजूनच निघावयाचे. मग डॉक्टर पाच मिनिटांत "पुढच्या महिन्यात या" म्हणाला, तर त्या पाच मिनिटांची किंमत शहरातल्या माणसाला कळणार नाही.

आता मूळ गोष्ट. आमचे हे मूल मुलगी म्हणून जन्मास आले, मुलगी म्हणून शाळेच्या पटावर चढले. पटावर नाव चढवणारे आम्हीच. सहाव्या-सातव्या वर्षापासून ते सांगत होते की आपण मुलगा आहो. आम्ही हसण्यावारी नेले, पुढे रागावलो, एकदा हातही उगारला. २०१६ साली, एकविसाव्या वर्षी, त्याने आम्हां दोघां नवराबायकोला समोर बसवून सांगितले, "अण्णा, आई, मला डॉक्टरकडे न्या. औषध आहे, हे मी वाचले आहे. तुम्ही आला नाहीत तरी मी जाणार. पण तुम्ही यावे असे वाटते." रात्रभर कोणी जेवले नाही. सकाळी त्याच्या आईनेच डबा भरला आणि म्हणाली, "चला."

हे औषध कोणते, ते सांगितले पाहिजे. आपल्या शरीरात काही ग्रंथी आहेत. त्यांतून पाझरणारे द्रव्य रक्तातून दूरच्या अवयवाला हुकूम पोहोचवते. १९०५ साली स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञाने त्यास हॉर्मोन हे नाव दिले. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो. गळ्यातील ग्रंथी मंदावली की बाईमाणूस सुजते, थकते, तिला गोळी सुरू होते. स्वादुपिंड कमी पडले की इन्सुलिन टोचतात. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत ते प्रथम एका मुलाला दिले गेले. तसेच पुरुषत्वाचे संप्रेरक टेस्टोस्टेरॉन. ते १९३५ साली शुद्ध रूपात हाती आले, त्याच साली प्रयोगशाळेत तयारही झाले, आणि लैंगिक संप्रेरकांवरील कामाबद्दल बुटेनांट यांना १९३९ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. म्हणजे हे औषध कालपरवाचे नव्हे. ज्या पुरुषाच्या अंगी ते कमी पडते त्याला डॉक्टर ते बिनदिक्कत लिहून देतात. आमच्या मुलाने तेच मागितले.

पहिला डॉक्टर आमच्या ओळखीचा. त्याने नाडी पाहिली, ताकदीचे इंजेक्शन दिले आणि आम्हांला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, स्थळ पाहा. लग्न झाले की सगळे सुरळीत होईल." आम्हांला ते पटले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. सहा महिने आम्ही खरोखरच स्थळे पाहिली. त्या सहा महिन्यांत मुलगा आमच्याशी एक शब्द बोलला नाही. डॉक्टरच्या एका वाक्याने घरात केवढी पडझड होते, हे त्यास कधी कळले नसेल.

दुसरा अनुभव पुण्यातला. स्त्रीरोगाच्या डॉक्टरांकडे पाठवण्यात आले. गरोदर बायकांच्या रांगेत, मिसरूड फुटावे म्हणून आलेला हा मुलगा मान खाली घालून बसला होता. कंपाउंडरने कागदावरचे मुलीचे नाव मोठ्याने पुकारले. मुलगा उठला तेव्हा रांगेत हशा पिकला. आत डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतले, पाळीविषयी विचारले, आणि पाळी नियमित होण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी येऊन मुलाने चिठ्ठी वाचली. त्या गोळ्या स्त्रीत्वाच्या संप्रेरकांच्या होत्या! पाणी मागावयास गेलेल्या तहानेल्याला मीठ देऊन वाटेस लावावे, तसा प्रकार झाला.

तिसऱ्या ठिकाणी खरे ग्रंथीतज्ज्ञ भेटले. ते म्हणाले, "आधी मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र आणा." गोष्ट रास्त होती. मानसोपचारतज्ज्ञांनी सात-आठ महिने बोलावले. मुलाला वेड नाही, नैराश्याने निर्णयशक्ती गेलेली नाही, हे त्यांना तिसऱ्या भेटीतच कळले होते. ते तसे बोललेही. पत्र मात्र देईनात. शेवटी म्हणाले, "आईवडिलांची सही हवी." मुलगा बावीस वर्षांचा, मतदान करणारा, टाकव्याच्या कारखान्यात यंत्र चालवणारा! आम्ही सही केली. पत्र घेऊन ग्रंथीतज्ज्ञांकडे गेलो, तर ते म्हणाले, "एक नव्हे, दोन पत्रे हवीत." दुसरे पत्र मिळेतो पहिले जुने झाले. पुढे कळले की जगभर त्या वेळी आधारभूत मानल्या जाणाऱ्या नियमावलीत संप्रेरकांसाठी एकच पत्र सांगितले होते. दोन पत्रांची अट मोठ्या शस्त्रक्रियेसाठी होती. डॉक्टरांनी ती नियमावली वाचलेली नव्हती. 'वाचली नाही' म्हणण्याऐवजी त्यांनी आम्हांला आणखी एक फेरी घातली.

या फेऱ्यांत २०१८ साल उजाडले. एके दिवशी त्याच्या आईला त्याच्या पिशवीत औषधाच्या बाटल्या आणि सुया सापडल्या. व्यायामशाळेतल्या कोणा मित्राकडून त्याने इंजेक्शने मिळवली होती आणि मात्रा अंदाजाने टोचून घेत होता. हे औषध रक्त दाट करू शकते. म्हणून ते सुरू असताना रक्ताची तपासणी ठराविक काळाने व्हावी लागते. ती करणारे कोणी नव्हते. आम्ही रागावलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "अण्णा, दार उघडे असते तर मी खिडकीतून का गेलो असतो?" यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. हीच कथा दुसऱ्या बाजूचीही आहे. पुरुष म्हणून जन्मलेल्या ज्या पारलिंगी स्त्रियांना दवाखाना दारात उभे करत नाही, त्यांतल्या कित्येक दुकानातून संततिनियमनाच्या गोळ्या आणून मनाने भरमसाट खातात. त्यांतल्या संप्रेरकाने शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच जाणकार डॉक्टर या कामासाठी ते वापरत नाहीत. नकार दिल्याने औषध थांबत नाही; थांबते ती केवळ देखरेख.

येथे कोणी म्हणेल, डॉक्टरने सावध असू नये काय? अवश्य असावे. या औषधाने आवाज फुटतो, तो पुन्हा पूर्ववत होत नाही. दाढी उगवते, पाळी बहुधा काही महिन्यांत थांबते, अपत्यप्राप्तीवर परिणाम होऊ शकतो. हे सारे समजावून सांगावे, वय पाहावे, रक्त, यकृत तपासावे, विचार करण्यास अवधी द्यावा. याला सावधगिरी म्हणतात. परंतु ज्या फेरीच्या अखेरीस रोग्याला नवे काहीच कळत नाही आणि डॉक्टरलाही कळत नाही, त्या फेरीस टाळाटाळ हेच नाव आहे. सावधगिरीला शेवट असतो; टाळाटाळीला नसतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यात वाचक असे प्रश्न विचारीत, जे त्यांना घरी वा डॉक्टरकडे विचारण्याची सोय नव्हती. त्या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले. खटला हरला, पण लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देणे हा गुन्हा कसा, हा मुद्दा मागे उरला. आमच्या अनुभवाने तोच मुद्दा पुन्हा समोर आणला.

अलीकडचे उदाहरण बीड जिल्ह्यातले. पोलिस शिपाई ललिता साळवे यांनी २०१७ साली लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. स्त्री म्हणून भरती झालेल्यास ती देता येत नाही, असे उत्तर मिळाले. उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. अखेर परवानगी मिळून मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली, आणि ललित साळवे पोलिस खात्यात राहिले. डॉक्टर तयार, रुग्णालय तयार; अडले ते रजेच्या अर्जावर. ती बातमी आमच्या घरी मोठ्याने वाचली गेली. वाचून झाल्यावर मुलगा म्हणाला, "मला तर अर्जाच्या खिडकीपर्यंतही कोणी पोहोचू देत नाही."

कायदाही पुढे सरकला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्यात सरकारने संप्रेरक उपचारांची सोय करावी आणि वैद्यकीय अभ्यासक्रम तपासावा, असे कलम घातले गेले. २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक रोगसूचीत ही अवस्था मनोविकारांच्या यादीतून काढण्यात आली. कागद असा वाढत गेला. पण कायदा दिल्लीत होतो आणि रोगी कान्ह्याच्या फलाटावर उभा असतो. या दोहोंमधले अंतर कोणीतरी चालून जावे लागते.

आमच्या बाबतीत ते एका डॉक्टरने चालले. वय फार नव्हते. तो पहिल्याच भेटीत म्हणाला, "गुरुजी, हे आम्हांला महाविद्यालयात शिकवले नाही. मला पंधरा दिवस द्या, मी वाचतो, विचारतो." तीन वर्षांत 'मला माहीत नाही' म्हणणारा तो पहिला डॉक्टर! पंधरा दिवसांनी त्याने मुलाला प्रथम विचारले, "तुला कोणत्या नावाने हाक मारू?" मग तपासण्या लिहिल्या, लाभ आणि धोके दोन्ही एका कागदावर लिहून दिले आणि म्हणाला, "घरी वाचा, मग सही करा." २०१९ च्या पावसाळ्यात योग्य मात्रेचे पहिले इंजेक्शन मिळाले. दिवाळीला मुलाने ओटीवरून आईला हाक मारली, तर ती आम्हीच हाक मारली समजून 'ओ' देत बाहेर आली. समोर मुलगा उभा. दोघेही हसले, मग त्याची आई आत जाऊन बराच वेळ रडली. ते रडणे दुःखाचे नव्हते, एवढे आम्ही सांगू शकतो.

आमचे मागणे थोडके आहे. डॉक्टरांनी माहीत नसेल तर तसे सांगावे आणि जाणकाराकडे धाडावे. नकार द्यावयाचा तर कारण लिहून द्यावे, म्हणजे पुढची फेरी वाचेल. रोग्याला तो सांगेल त्या नावाने हाक मारावी. त्यास खर्च येत नाही. आणि बाकावर बसलेल्या आपण सर्वांनी, पुढच्या वेळी एखादे नाव आणि एखादा चेहरा जुळला नाही, तर हसू नये. दवाखान्यात आलेला माणूस काहीतरी दुखते म्हणूनच आलेला असतो.

आणि आईबापांस एवढेच सांगणे, की मूल म्हणाले "चला", तर निघावे. आम्ही पंधरा वर्षे उशिरा निघालो. डॉक्टरांच्या तीन वर्षांचा हिशेब आम्ही आपल्यापुढे मांडला; त्या पंधरा वर्षांचा हिशेब आमच्याकडे आहे, तो आम्हांलाच फेडावयाचा आहे.