संशोधकाचे मोजमाप : रेमंड लिंडेमन यांच्या एका शोधनिबंधाची कहाणी

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज आपण गुणवंतांचा सत्कार करीत आहोत. अशा प्रसंगी गुणांची आणि पदव्यांची यादी वाचली जाते. ती जरूर वाचली जावी, कारण त्या यादीतील प्रत्येक नावामागे कुणाच्या तरी आईबापांचे कष्ट उभे असतात. परंतु अलीकडे आपल्या यादीत एक नवा रकाना आला आहे. आपली मुले-मुली आता पीएच.डी. करू लागली आहेत, आणि म्हणून आपल्या संस्थेच्या अर्जात 'प्रसिद्ध शोधनिबंधांची संख्या' असा प्रश्न आपण विचारू लागलो आहोत. हा रकाना घालणाऱ्या समितीत आम्हीही होतो. तेव्हा आज जे सांगणार आहोत, ते आधी आम्ही स्वतःलाच सांगत आहोत, असे समजावे.

संशोधकाचे काम मोजायचे कसे? आज त्याची दोन मापे प्रचलित आहेत. पहिले माप म्हणजे त्याने किती शोधनिबंध छापले. दुसरे माप म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखनात त्याच्या निबंधांचा किती वेळा संदर्भ दिला. यालाच 'सायटेशन' म्हणतात. अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली अशा संदर्भांची सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ साली त्यांच्या संस्थेने विज्ञानातील संदर्भांची मोठी सूची प्रसिद्ध केली. एखादा विचार पुढे कुणी वापरला, कुणी दुरुस्त केला, याचा माग काढता यावा, हा तिचा मूळ उपयोग. पुढे त्याच सूचीतून माणसांना आणि नियतकालिकांना गुण देण्याची पद्धत पडली. २००५ साली जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-निर्देशांक' सुचवला. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा संदर्भ मिळाले, त्याचा निर्देशांक दहा. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी निदान वीस मिळाले, त्याचा वीस.

आता या मापांनी आपण एका संशोधकाला मोजून पाहू. त्यांचे नाव रेमंड लिंडेमन. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांनी हे नाव ऐकले असेल. पर्यावरणाच्या धड्यात 'लिंडेमन यांचा दहा टक्क्यांचा नियम' अनेक मार्गदर्शक पुस्तकांतून छापलेला असतो. हे लिंडेमन कोण, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

लिंडेमन यांचा जन्म १९१५ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात झाला. शेतावर वाढलेला हा मुलगा. मिनेसोटा विद्यापीठात पीएच.डी. करताना त्यांनी अभ्यासासाठी निवडले सीडर बॉग लेक नावाचे लहानसे तळे. जेमतेम मीटरभर खोल, गाळाने भरत चाललेले, दलदल होण्याच्या वाटेवर असलेले. सुमारे पाच वर्षे उन्हाळ्यात आणि बर्फाळ हिवाळ्यातही ते त्या तळ्याचे नमुने काढत राहिले. त्यांच्या पत्नी एलिनॉर या कामात त्यांच्या बरोबरीने राबल्या. पाणवनस्पती, डोळ्यांना न दिसणारे प्लवक, किडे, मासे, तळाचा गाळ, सारे त्यांनी तपासले.

तोवर तळ्यांचे अभ्यासक बहुधा कोणते जीव कुठे आढळतात, पाण्यात कोणती द्रव्ये आहेत, याच्या नोंदी करीत. लिंडेमन यांनी वेगळा प्रश्न विचारला. सूर्याकडून आलेली ऊर्जा या तळ्यात कुठून कुठे जाते? वनस्पती किती पकडतात, त्यांना खाणाऱ्यांकडे किती पोचते, आणि त्या खाणाऱ्यांना खाणाऱ्यांकडे किती? 'परिसंस्था' या अर्थाचा इंग्रजी शब्द टॅन्सले यांनी १९३५ साली वापरात आणला होता. त्या शब्दात आकडेमोडीचा प्राण लिंडेमन यांनी भरला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे तळ्यावर पडणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेपैकी वनस्पतींनी पकडलेला वाटा सुमारे ०.१० टक्के, म्हणजे हजारात एक. पुढे वनस्पतींकडून शाकाहारी जीवांकडे १३.३ टक्के आणि त्यांच्याकडून मांसाहारी जीवांकडे २२.३ टक्के.

१९४१ साली ते येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेले. तिथे त्यांनी प्रबंधातील शेवटच्या भागावरून निबंध सिद्ध केला आणि 'इकॉलॉजी' या नियतकालिकाकडे पाठवला. संपादकांनी तो दोन परीक्षकांकडे धाडला. चान्सी जुडे आणि पॉल वेल्च हे दोघेही सरोवरांच्या अभ्यासातील त्या काळचे मोठे अधिकारी पुरुष. दोघांनीही निबंध नाकारावा असे कळवले. त्यांचे म्हणणे असे की, इतक्या थोड्या माहितीवर इतका मोठा सिद्धान्त उभा करता येत नाही. आधी आणखी पुष्कळ तळी मोजावीत.

हा आक्षेप अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. हचिन्सन यांनी मात्र संपादक थॉमस पार्क यांना पत्र लिहून आपल्या तरुण सहकाऱ्याची बाजू मांडली. कोणती माहिती गोळा करावी हे कळण्यासाठीही आधी विचार लागतो, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. लिंडेमन यांनी निबंध सुधारून पुन्हा पाठवला. पार्क यांनी परीक्षकांचे मत बाजूला ठेवून तो स्वीकारला. खरा निवाडा काळच करील, अशा आशयाचे त्यांनी कळवले.

लिंडेमन यांना तो निवाडा पाहता आला नाही. यकृताच्या दुखण्याने २९ जून १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. सत्ताविसावा वाढदिवस काही आठवड्यांवर आला होता. निबंध छापून आला त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, शेवटी हचिन्सन यांनी लिहिलेल्या श्रद्धांजलीपर मजकुरासह.

आता आपली दोन मापे लावून पाहा. निबंधांची संख्या? अगदी मोजकी. आजच्या एखाद्या मुलाखतीत त्यांना दाराबाहेर बसवतील एवढी. त्यांच्या हयातीत या निबंधाला मिळालेले संदर्भ? शून्य, कारण तो छापलाच गेला नव्हता. एच-निर्देशांक? जितके निबंध, त्याहून तो आकडा वर जाऊच शकत नाही. म्हणजे एका निबंधाला हजारो संदर्भ मिळोत, लिंडेमन यांचा निर्देशांक कायम लहानच राहणार. आणि प्रत्यक्षात त्या निबंधाला हजारो संदर्भ मिळाले आहेत. परिसंस्थेतील ऊर्जेचा अभ्यास करणारी पुढची पिढीच्या पिढी त्यावर उभी राहिली.

मग संदर्भांची संख्या तरी खरे माप मानावे काय? तिथेही सावध राहिले पाहिजे. लिंडेमन यांचे जे आकडे आम्ही मघाशी सांगितले, ते आठवा. १३.३ आणि २२.३. यात दहा कुठे आहे? वरच्या पायरीकडे जाताना ऊर्जा वापरण्याचे प्रमाण वाढत जाते, असे तर त्यांच्या निबंधात सुचवले आहे. सर्व पायऱ्यांना सरसकट लागू पडणारा दहा टक्क्यांचा आकडा म्हणजे नंतर शिकवण्याच्या सोयीसाठी रूढ झालेला अंदाज, आणि तो त्यांच्या नावावर चढला. आम्ही स्वतः कित्येक वर्षे वर्गात हा 'नियम' फळ्यावर लिहिला. मूळ निबंध वाचला तो फार उशिरा, आणि त्या दिवशी आम्हाला आमचीच लाज वाटली. नाव हजार जणांनी घेतले म्हणजे हजार जणांनी वाचले असे होत नाही.

एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले. योगायोग असा की, लिंडेमन गेले त्याच वर्षी, १९४२ मध्ये, पुण्यात माधव गाडगीळ यांचा जन्म झाला. सजीवांच्या जीवनक्रमावर त्यांनी बॉसर्ट यांच्यासह १९७० साली लिहिलेला निबंध जगभर संदर्भिला गेला. परंतु पश्चिम घाटाविषयीचा त्यांच्या समितीचा २०११ चा अहवाल आणि त्यांचे मराठी लेखन यांना संदर्भसूचीच्या हिशेबात फारसे स्थान नाही. तरी त्या अहवालावर कोकणातल्या गावांपासून न्यायालयापर्यंत वाद झाले. शेतकऱ्याने वाचलेला लेख कोणत्याही निर्देशांकात धरला जात नाही.

हे सारे आज इथे का सांगायचे? २०१९ सालची गोष्ट आहे. आपल्या अभ्यासिकेत येणारी एक विद्यार्थिनी, गावाकडच्या तलावावर संशोधन करणारी, संस्थेकडे मदतीचा अर्ज घेऊन आली. एका नियतकालिकाने तिला कळवले होते की, पैसे भरा, आठवड्यात निबंध छापून देतो. परीक्षकाचे नावही नाही. प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलेला असण्याची तेव्हा सक्ती होती आणि तिची मुदत संपत आली होती. वडिलांनी उसनवारी करण्याची तयारी केली होती. समितीतील आम्ही बहुतेक जण रक्कम मंजूर करण्याच्या विचारात होतो. संख्या एकने वाढली, तर मुलीचे कल्याण होईल, एवढाच आमचा विचार!

त्या मुलीनेच आम्हाला थांबवले. ती म्हणाली, "सर, हा निबंध तिथे छापला तर माझी तीन वर्षांची मेहनत वाया जाईल. कुणी वाचणारच नाही." तिने अर्ज मागे घेतला आणि निबंध एका चांगल्या नियतकालिकाकडे पाठवला. तिथून तो दुरुस्तीसाठी दोनदा परत आला. मुदत वाढवून घ्यावी लागली, शिष्यवृत्ती संपली, घरी बोलणी खावी लागली. शेवटी तो छापून आला. त्याचे संदर्भ आजही बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. पण त्यातील एक त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या तलावावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने दिलेला आहे. त्याने तिची मोजणीची पद्धत वापरली आणि तिच्यातील एक चूकही दाखवून दिली. मित्रांनो, संदर्भ देणे म्हणजे खरोखर हेच.

अशा फसव्या नियतकालिकांचा प्रश्न लहान नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली आपल्या मान्य यादीतून चार हजारांहून अधिक नियतकालिके काढून टाकली. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.पूर्वी निबंध छापण्याची सक्तीही काढली, आणि २०२५ साली आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी ठेवणेच थांबवले. म्हणजे चांगले-वाईट पारखण्याची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे. ज्या घरात पहिल्यांदाच कुणी संशोधन करते, त्या घराला ही पारख शिकवणारे कोणी नसते. फसवणारे नेमके तिथेच पोचतात.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे तीन गोष्टींचे सांगणे आहे. ज्याचा संदर्भ द्याल, ते आधी स्वतः वाचा. पैसे घेऊन तपासणीशिवाय छापणाऱ्यांच्या दारी जाऊ नका. आणि निबंध परत आला तर खचू नका. लिंडेमन यांचाही परत आला होता.

आणि संस्थेला आमची एक सूचना आहे. पुढील वर्षीच्या अर्जातील निबंधसंख्येचा रकाना काढून टाकावा. त्याऐवजी उमेदवाराने आपला एकच निबंध आणावा आणि त्यात आपल्याला काय सापडले, ते समितीपुढे दहा मिनिटे साध्या मराठीत सांगावे. समितीतील आपण सर्वांनी ते बसून ऐकावे. आपल्याला कळले नाही तर पुन्हा विचारावे. आकडा वाचायला क्षण पुरतो, काम समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो. आपल्या मुलांसाठी तेवढा वेळ आपण काढू, अशी आशा व्यक्त करतो आणि सर्व सत्कारमूर्तींचे अभिनंदन करून आमचे भाषण संपवतो.