काळी जमीन, घराचा पाया आणि दाराशींचें झाड

आमच्या वऱ्हाडांत वैशाखाच्या अखेरीस काळ्या शेतांतून चालतांना पाऊल जपून टाकावें लागतें. भेगांत काठी घातली तर हात दीड हात सहज खालीं जाते. तीच जमीन आषाढांत फुगून अशी एकसंध होते कीं भेग कोठें होती हें सांगतां येत नाहीं. शेताला हें मानवतें. काळी आपली नांगरट आपणच करते असें शेतकरी म्हणतात. पण ह्याच जमिनीवर आपण चार भिंती उभ्या केल्या, म्हणजे तिचें हें वर्षांतून एकदां फुगणें आणि एकदां आकसणें आपल्याला महाग पडूं लागतें. त्यांतून घरालगत एखादा निंब असला, तर भिंतीला तडा जातांच घरमालकाचें बोट त्याच्याकडे वळतें आणि दुसऱ्या दिवशीं कुऱ्हाड शोधली जाते. ह्या कुऱ्हाडीविषयींच आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपली काळी जमीन म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळाची झिजून झालेली माती. तिच्यांत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें एक खनिज असतें. फ्रान्समधील एका गांवावरून त्याला हें नांव पडलें. त्याचे कण पोथीच्या पानांसारखे थराथरांचे असतात. पानांमध्यें पाणी शिरलें कीं पोथी फुगते, पाणी गेलें कीं मिटते. खोल काळ्या जमिनींत ऋतूबरोबर होणारी ही घालमेल सुमारें साडेतीन मीटरांपर्यंत पोंचते. तेव्हां तीन-चार फुटांचा पाया घालून आपण पक्कें घर बांधलें असें समजणारा मनुष्य वस्तुतः घर एका श्वास घेणाऱ्या प्राण्याच्या पाठीवर ठेवीत असतो.

सगळें घर एकदम वर उचललें गेलें आणि एकदम खालीं बसलें, तर त्याचें फारसें बिघडणार नाहीं. बिघडतें तें एक कोपरा खचल्यानें. आणि झाडाचा संबंध येतो तो येथें. मूळ पायाखालीं शिरतें आणि पहारीसारखें भिंत उचलतें अशी सर्वसाधारण समजूत आहे. गुलमोहराचीं मुळें वरवर पसरून अंगणाची फरशी उचकटतात हें खरें. पक्ष्यांच्या विष्ठेंतून गच्चीच्या सांधींत पडलेलें पिंपळाचें बीं भिंत फोडतें हेंही खरें. परंतु धड बांधलेल्या पायावर सबंध घराचें ओझें असतें. मूळ त्याला उचलण्याच्या भानगडींत सहसा पडत नाहीं, वळसा घालून जातें. झाडाचा खरा अपराध, त्याला अपराध म्हणावयाचा तर, तहान हा होय. मोठें झाड भर उन्हाळ्यांत दिवसाकाठीं शेंकडों लिटर पाणी जमिनींतून ओढूं शकतें. जिकडे झाड तिकडची माती अधिक सुकते, अधिक आकसते, आणि तो कोपरा खालीं बसतो. मग खिडकीच्या कोंपऱ्यापासून तिरपा तडा निघतो, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनीं चढतो आणि बहुधा वरच्या बाजूस अधिक रुंद होतो. दार उन्हाळ्यांत अडकूं लागतें आणि पावसाळ्यांत पुन्हां नीट लागतें.

लंडनच्या आसपासची माती काळी नाहीं, पण गुण तोच. १९७६ सालीं इंग्लंडांत मोठें अवर्षण पडलें तेव्हां तेथें हजारों घरांच्या भिंती तडकल्या आणि विमा कंपन्यांकडे मागण्यांची रीघ लागली. क्यू येथील प्रसिद्ध वनस्पतिउद्यानाच्या शास्त्रज्ञांनीं अशा घरांची आणि झाडांची अंतरें मोजून नोंदवून ठेविलीं आहेत. विलोच्या बाबतींत चाळीस मीटर दूरच्या झाडानेंही घराला बाधा केल्याची नोंद आहे. बहुसंख्य प्रकार अर्थात् याहून पुष्कळ जवळच्या झाडांचे होते.

मग झाड तोडलें म्हणजे भांडण मिटलें, असें कोणी म्हणेल. तेथेंच घात आहे. झाड गेलें कीं त्यानें ओढलेलें पाणी हळूहळू जमिनींत परत येतें, आणि जी माती आकसली होती ती फुगूं लागते. झाड घरानंतर लावलेलें असेल तर खचलेला कोपरा पूर्वस्थितीला येईल, इतकेंच. पण झाड आधींचें आणि घर मागाहूनचें असेल, तर त्या घराचा पाया मुळांतच सुकलेल्या, आकसलेल्या मातीवर बसविलेला असतो; आतां ती माती घर बांधतांना होती त्याहूनही वर येते. ही उचल एका पावसाळ्यांत संपत नाहीं, कित्येक वर्षें चालूं शकते. माझ्या एका स्नेह्यांनीं मोकळी जागा घेतली, मधोमध असलेला जुनाट निंब तोडला आणि त्याच वर्षीं तेथें घर बांधलें. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांच्या दिवाणखान्याची फरशी मध्यें कासवाच्या पाठीसारखी झाली. निंब तर केव्हांच जळणांत गेला होता. दोष कोणाला द्यावयाचा? अशा जागेवर एकदोन पावसाळे जाऊं देऊन मग पाया खणला असता तर बरें झालें असतें. शिवाय शहरांत झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते; महाराष्ट्रांत तसा कायदा १९७५ पासून आहे.

तडा दिसतांच गवंड्याला बोलावूं नये. तड्यावर आडवी कांचेची पट्टी प्लॅस्टरनें चिकटवावी, शेजारीं तारीख लिहावी आणि वर्षभर पाहावें. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. तडा उन्हाळ्यांत उघडत असेल आणि पावसाळ्यांत मिटत असेल, तर कारण जमिनींतल्या ओलींत आहे. मात्र ओलीचा गुन्हा पुष्कळदां झाडाचा नसून नहाणीघराच्या फुटक्या नळाचा असतो: तो कोपरा सदा भिजून फुगतो, बाकीचे सुकतात. आणि गळकें गटार असलें म्हणजे तहानलेलें मूळ तेथेंच येणार. म्हणून पहिला खर्च नळावर करावा. दुसरा घराभोंवतीं पांच-सहा फूट रुंद, बाहेरच्या बाजूस उतरती फरसबंदी करण्यावर. गच्चीचें पाणी पायाशीं न पडतां दूर गेलें पाहिजे. झाडाच्या फांद्या जाणकाराकडून माफक छाटून घेतल्या तर पानें कमी होतात, पण तहान त्या प्रमाणांत कमी होत नाहीं. झाड आणि घर यांच्यामध्यें चर खणून काँक्रीटचा पडदा घालण्याचा उपाय आहे, परंतु उथळ पडद्याखालून मुळें खुशाल निघून जातात, आणि बुंध्याजवळचीं जाड मुळें तोडलीं तर पुढच्या वादळांत झाड त्याच घरावर येतें.

नवें घर बांधणारांना मात्र निवड आहे. मुरूम थोड्या खोलीवर लागत असेल तर पाया तेथपर्यंत न्यावा. जुन्या गवंड्यांचा हा आग्रह अगदीं शास्त्रशुद्ध होता. मुरूम फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनें विकसित केलेले खांब आहेत. त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. साडेतीन मीटर किंवा अधिक खोल छिद्र पाडून त्याचें बूड कंदासारखें रुंद करतात, साधारणपणें खांबाच्या अडीचपट, आणि त्यांत काँक्रीट भरतात. हालणाऱ्या मातीच्या खालीं तो कंद रुतून बसतो. खांबांवरील तुळया जमिनीला टेकूं न देतां खालीं थोडी पोकळी ठेवावयाची असते. मातीला फुगावयास जागा हवी. गवंडी ती पोकळी मातीनें भरून टाकतात, तेव्हां त्या दिवशीं मालकानें स्वतः उभें राहावें.

आणि रोप लावतांना तें पूर्ण वाढल्यावर किती उंच होईल याचा अंदाज घेऊन निदान तितक्या अंतरावर लावावें. ओळ लावावयाची असेल तर दीडपट. एवढें अंगण आज शहरांत कोणाला आहे, हें मी जाणतों. ज्यांना नाहीं त्यांनीं कढीलिंब, डाळिंब, पारिजातक यांवर समाधान मानावें, आणि वड-पिंपळ सार्वजनिक पटांगणासाठीं राखून ठेवावे. गच्चीच्या सांधींत उगवलेला पिंपळ मात्र दोन पानांचा असतांनाच, पाऊस पडून गेल्यावर, मुळासकट हातानें ओढून काढावा. चुना ओला असतो तोंवर तो निघतो.