बीजवाहिनीतला मुक्काम



गाय उलटली की शेतकऱ्याचे २१ दिवस वाया जातात. दोष आम्ही वळूला देतो, गाईला देतो, प्रसंगी दैवालाही देतो. वेळेचा विचार मागाहून सुचतो.

रेतनानंतर शुक्रजंतू तडक बीजाकडे धावतात, ही आमची समजूत खरी नव्हे. लक्षावधींतले काही हजारच बीजवाहिनीच्या अरुंद भागात पोचतात आणि तेथील केसाळ पेशींना चिकटून मुक्काम करतात. वळूच्या वीर्यरसातून त्यांच्या अंगावर बसलेली प्रथिने ही पकड घडवतात. या आश्रयाने त्यांचे आयुष्य वाढते. १९५१ साली चँग व ऑस्टिन यांनी सशा-उंदरांवरील प्रयोगांतून स्वतंत्रपणे दाखवले की, मादीच्या देहात काही काळ राहिल्यावाचून शुक्रजंतूला फलनाची पात्रता येत नाही. बीज सुटण्याच्या सुमारास पात्र झालेले जंतू जोराने शेपटी हाणून मोकळे होतात, तेही थोडेथोडे.

बीज सुटते माज ओसरल्यावर १० ते १२ तासांनी. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गोठवलेल्या वीर्यातील जंतू अल्पायुषी. तेथे उतावीळ आणि दिरंगाई दोन्ही नडतात. पहाटे व रात्री गोठ्यात एक फेरी मारणे, एवढे तरी आम्हां सर्वांच्या हाती आहे.