सांदीकोपरा



लोणार तालुक्यातलं बीबी हे माझं गाव. घरात वस्तू सापडेनाशी झाली, की आजी म्हणायची, "पाह्य त्या कोन्ट्यात." शाळेत गेल्यावर त्याच कोनट्याचा 'कोपरा' झाला. मला वाटे, हा शुद्ध आणि तो अशुद्ध. पण दोघांची घराणीच वेगळी आहेत.

कोनटा हा संस्कृत 'कोण' या शब्दाचा वंशज. कोन, कोनाडा हे त्याचे भाऊबंद. कोपरा आला आपल्या हातातून! संस्कृतात हाताच्या कोपराला 'कूर्पर' म्हणतात. हात दुमडतो तो कोपर, भिंत वळते तो कोपरा. इटलीतल्या आंकोना बंदराच्या नावाचा मूळ ग्रीक अर्थही कोपरच आहे, कारण तिथला किनारा दुमडलेल्या हातासारखा दिसतो. सांदीची गोष्ट तशीच. 'संधी' म्हणजे जोड. त्यातूनच सांधा आला, सांदीही आली. म्हणजे 'सांदीकोपरा' म्हणताना आपण खरं तर दोन सांधेच शेजारी ठेवतो, आणि अर्थ निघतो कुणाची नजर जात नाही अशी जागा.

'कोष्ठ'ही असाच. कोष्ठ म्हणजे पोट आणि धान्याची खोलीसुद्धा. त्याचे कोठा, कोठार, कोठडी झाले. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या बाहेरच्या भिंतीत मूर्तींसाठी कोनाडे आहेत, त्यांना देवकोष्ठ म्हणतात. देवाला देवकोष्ठ, आरोपीला कोठडी. शब्द मुळात एकच.

'एकांत' म्हणजे एका टोकाची, एका बाजूची जागा. लीळाचरित्रातले चक्रधरस्वामी लोणारलाही येऊन गेले होते. अनुयायांनी देशाच्या शेवटी, झाडाखाली आयुष्य काढावं असं ते सांगत. त्यांच्या पंथात 'विजन' म्हणजे माणसांपासून दूर जाणं ही साधनाच होती. आज निवडणूक हरलेला पुढारी विजनवासात गेला असं वर्तमानपत्रं लिहितात. बिचारा शब्द!

पण जागा कुणी निवडली, यावर सगळं अवलंबून असतं. साधूच्या वाट्याला एकांत आला. आमच्याकडच्या बायकांना महिन्यातले चार दिवस कोनटा मिळे, तो न मागता. अंथरूण वेगळं, पेला वेगळा, पाणीसुद्धा दुसऱ्यानं वरून ओतायचं. काही घरांतून हे अजून गेलेलं नाही. तेवढीच पाठ टेकायला मिळायची, असं काही म्हाताऱ्या सांगतात. खरंही असेल. पण उठून चुलीपाशी जायची मुभा नाही, त्या बसण्याला एकांत कसं म्हणावं?

आणि पाठ तरी कुठे टेकायची? विटाळ फक्त घरापुरता असे. वावरात निंदण सुरू असलं, की त्या चार दिवसांतही बाईला सकाळी विळा घेऊन निघावंच लागे. संध्याकाळी परत आली, की पुन्हा कोन्ट्यात.