कचेरीचें गांव आणि कारखान्याचें गांव

एखाद्या पेढीचें घर कोणतें म्हणावयाचें? जेथें तिचें नांव सरकारदप्तरीं नोंदलें आहे तें, जेथें ती कर भरते तें, कीं जेथें तिचा माल घडतो तें? गल्लींतील दुकानाच्या बाबतींत हा प्रश्न उद्भवत नाहीं. तिन्ही गोष्टी एकाच छपराखालीं असतात. मोठ्या कंपन्यांच्या बाबतींत मात्र त्या तीन निरनिराळ्या देशांत असूं शकतात. शर्यतीच्या मोटारींसाठीं जगप्रसिद्ध असलेल्या इटलींतील फेरारी कंपनीसंबंधानें हा प्रश्न २०१४ सालच्या डिसेंबरांत उभा राहिला. करांत बचत व्हावी म्हणून ही कंपनी आपलें करासाठींचें वास्तव्य इटलीबाहेर हलविण्याच्या विचारांत आहे, अशी बातमी त्या वेळीं प्रसिद्ध झाली. ही बातमी इटलीला कां झोंबावी, हें समजण्यास कंपनीचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे.

एन्झो फेरारी हा मोदेना शहरचा. त्याचा जन्म १८९८ सालचा. १९२९ सालीं त्यानें शर्यतींत उतरणारा आपला संघ तेथेंच काढला आणि पुष्कळ वर्षें तो आल्फा रोमिओ कंपनीच्या मोटारी शर्यतींत उतरवीत असे. १९३९ सालीं त्या कंपनीशीं फारकत झाली, तेव्हां शर्यतीच्या धंद्यांत चार वर्षें स्वतःचें नांव वापरावयाचें नाहीं, अशी अट त्याजवर पडली. युद्धकाळांत, १९४३ सालीं, त्याचा कारखाना मोदेनाहून सुमारें ११ मैलांवरील मारानेल्लो या लहानशा गांवीं आला. पुढें त्यावर बाँब पडले. तो पुन्हां उभारला गेला. आणि १९४७ सालीं तेथून फेरारी नांवाची पहिली मोटार बाहेर पडली. मागील पायांवर उभा ठाकलेला तिचा काळा घोडा हें पहिल्या महायुद्धांत कामास आलेला इटालियन वैमानिक फ्रान्चेस्को बाराका याचें चिन्ह होय. घोड्यामागचा पिवळा रंग मोदेना शहराचा. मोठ्या शर्यतींत फेरारी जिंकली कीं मारानेल्लोच्या चर्चमध्यें घंटा वाजूं लागतात.

ही कंपनी परकीयांच्या हातीं जाण्याचा प्रसंग पूर्वींहि एकदां आला होता. १९६३ सालीं अमेरिकेची फोर्ड कंपनी ती विकत घेणार होती. बोलणीं जवळजवळ पुरीं झालीं होतीं. परंतु शर्यतींवर किती खर्च करावयाचा याविषयींचा अखेरचा शब्द अमेरिकेकडे जाणार, असें दिसतांच एन्झोनें तीं मोडलीं. किंमतीवरून तंटा नव्हता. तंटा होता तो निर्णयाच्या अधिकारावरून. पुढें १९६९ सालीं त्यानें निम्मे भाग इटलींतीलच फियाट कंपनीस दिले, पण शर्यतींचा कारभार आपल्या हातीं ठेवला. १९८८ सालीं तो वारल्यावर फियाटचा वांटा ९० टक्के झाला आणि उरलेले १० टक्के त्याचा मुलगा पिएरो याजकडे राहिले.

आतां २०१४ सालाकडे वळूं. १८९९ पासून तूरिन शहराशीं निगडित असलेली ती फियाट कंपनीच त्या वर्षीं क्रायस्लरशीं एकरूप झाली. नव्या कंपनीची नोंदणी नेदर्लंडमध्यें झाली आणि करासाठींचें वास्तव्य ब्रिटनमध्यें ठेवलें गेलें. ऑक्टोबरअखेर तिनें जाहीर केलें कीं फेरारी आपणांपासून विभक्त केली जाईल. वडील घर सोडून गेले, आतां मुलगीहि जाणार काय, अशी शंका कोणासहि येणें साहजिक होतें. इटलींत त्या वेळीं कंपनीच्या नफ्यावर सरकारी कर २७.५ टक्के होता आणि त्यावर प्रांतिक कर निराळा. ब्रिटनमध्यें तो २१ टक्के होता व पुढील वर्षीं २० टक्क्यांवर यावयाचा होता. म्हणजे सरकारी करापुरतें पाहिलें तरी शंभरामागें साडेसहांचा फरक. कंपनीनें मात्र ही बातमी नाकारली आणि कर इटलींतच भरला जाईल, असें सांगितलें.

तें वचन पाळलें गेलें. तरीहि कागदोपत्रीं स्थलांतर झालेंच. २०१५ सालच्या ऑक्टोबरांत फेरारीचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारांत प्रत्येकीं ५२ डॉलरांस विकले गेले व २०१६ सालच्या जानेवारींत ते मिलानच्या बाजारांतहि आले. हे भाग ज्या कंपनीचे आहेत, तिची नोंदणी ॲम्स्टरडॅमची. मुख्य कचेरी मारानेल्लोस. आणि कर इटलींत.

श्रोत्यांस वाटेल, कर वांचवावयाचा नव्हता, तर नेदर्लंडची वाट धरली कशासाठीं? उत्तर मताधिकारांत आहे. तेथील कायद्याच्या आधारें कंपनीनें असा नियम केला कीं जो भागधारक आपले भाग रीतसर नोंदवून तीन वर्षें जवळ बाळगील, त्यास जादा मत मिळेल. त्यामुळें फियाटचें अग्नेल्ली घराणें आणि पिएरो फेरारी यांच्या मतांचें प्रमाण त्यांच्या भागांहून मोठें राहतें. ज्या निर्णयाच्या अधिकारासाठीं बापानें परकीयांशीं बोलणीं मोडलीं, तोच अधिकार राखण्यासाठीं वारसांना परदेशचा कायदा जवळ करावा लागला!

इटलीनेंहि यावरून कांहीं बोध घेतला असें दिसतें. पेटंटें व तत्सम हक्कांपासून होणाऱ्या उत्पन्नावर सवलत देणारी योजना तेथें २०१५ पासून लागू झाली आणि २०१८ सालीं फेरारीनें करखात्याशीं तसा करार केला. २०२४ सालीं तर एका भागास दहापर्यंत मतें देण्याची मुभा कायद्यानेंच दिली.

याच्या उलट एक उदाहरण मुंबईशीं संबंधित आहे. २००८ सालीं टाटा मोटर्सनें जॅग्वार व लँड रोव्हर या ब्रिटिश पेढ्या फोर्डकडून विकत घेतल्या. मालकी मुंबईस आली, मुख्य कचेरी इंग्लंडांतच राहिली. तेथें धनी बदलला, पत्ता बदलला नाहीं. येथें नोंदणीचा पत्ता बदलला, धनी तेच राहिले. म्हणून कचेरी हलणार अशी वार्ता येतांच नोंदणी कोठें, कर कोठें आणि निर्णय कोणाचा, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे.

मारानेल्लोस मात्र चौथाच प्रश्न महत्त्वाचा वाटणार: काम कोठें? २०२४ सालीं फेरारीनें १३,७५२ मोटारी ग्राहकांच्या स्वाधीन केल्या. त्यांच्या इंजिनांचे भाग कारखान्याच्या स्वतःच्या ओतशाळेंत ओतले जातात. अशी विद्या ट्रंकेंत भरून दुसऱ्या देशीं नेतां येत नाहीं. एन्झोनें त्या गांवांत यंत्रकाम शिकविणारी एक शाळा काढली. तरुणपणीं वारलेला त्याचा मुलगा आल्फ्रेदो याचें नांव तिला आहे. ॲम्स्टरडॅमच्या नोंदवहींत मारानेल्लोच्या घंटा वाजविणाऱ्यास किंवा ओतशाळेंतील कामगारास, केवळ गांवकरी म्हणून, एकहि मत नाहीं. त्यांच्या हातीं आहे ती एवढीच विद्या. आणि ती शिकविणारी शाळा चालू आहे तोंवर कारखाना दुसरीकडे नेणें कोणत्याहि धन्यास सोपें जाणार नाहीं.